सेंट पॅट्रिकची परेड आणि बॅनरचं कलम

दर १७ मार्चला, आयर्लंडचे संत सेंट पॅट्रिक यांच्या दिवशी, तोच वाद: हा सण कॅथलिकांचा की सगळ्या आयरिश लोकांचा? माझ्या मते खरा निकाल लागतो परेडच्या अर्जात, बॅनरच्या कलमात: कोणत्या गटाला स्वतःच्या नावाने चालता येतं, तिथे.

न्यूयॉर्कचे आयोजक वर्षानुवर्षं म्हणायचे, समलिंगी माणसांना बंदी नाहीच. पोलिसांच्या तुकडीतून चाला, आपल्या काउंटीच्या (आयर्लंडमधल्या जिल्ह्याच्या) गटातून चाला, फक्त स्वतःच्या नावाचा बॅनर नको. १९९१ मध्ये एका कॅथलिक संघटनेच्या शाखेने आयरिश समलिंगी गटाला पाहुणे म्हणून सोबत घेतलं, तेही बॅनरशिवाय. महापौर डेव्हिड डिंकिन्स मानाची जागा सोडून त्यांच्यासोबत चालले, तर अंगावर बिअरचे कॅन आले. म्हणजे बॅनर नसतानाही! आणि पुढे चोवीस वर्षं दार बंद.

कोर्टात जाऊन हे सुटत नाही, हेही लक्षात घ्या. बॉस्टनमध्ये राज्याच्या कोर्टाने समलिंगी गटाला सामील करून घ्यायला लावलं, तेव्हा आयोजकांनी १९९४ची परेडच रद्द केली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की खासगी आयोजकांची परेड ही त्यांची अभिव्यक्ती आहे, नको तो संदेश त्यांच्यावर लादता येणार नाही. निकाल मला कायद्याच्या दृष्टीने पटतो. पण त्यामुळे दबाव दुसरीकडून आणावा लागतो. २०१४ मध्ये दोन्ही शहरांचे महापौर परेडमध्ये चालले नाहीत, न्यूयॉर्कमधून गिनेस या आयरिश बिअर कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतलं. २०१५ला दोन्हीकडे दार किलकिलं झालं.

तरी लगेच निर्धास्त होऊ नका. २०१७ मध्ये बॉस्टनच्या आयोजकांनी समलिंगी माजी सैनिकांच्या गटाला पुन्हा नकार दिला. अडलं कशावर? इंद्रधनुष्याच्या चिन्हावर. गदारोळ झाला आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला.

‘धर्म जपतोय’ हा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही. बॉस्टनमध्ये १७३७ साली हा दिवस साजरा केला तो आयरिश प्रोटेस्टंटांनी. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा शहरात सेंट पॅट्रिकच्या नावाची दोन कॅथेड्रल आहेत, एक कॅथलिक, दुसरं चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चचं. आयर्लंडच्या ध्वजातला हिरवा कॅथलिक परंपरेचा, केशरी प्रोटेस्टंट परंपरेचा, मधला पांढरा दोघांतल्या शांततेचा.

म्हणून कुठल्याही शहरातल्या आयोजकांना माझं सांगणं: सकाळची प्रार्थना चर्चची राहू द्या, परेड तिच्यापासून वेगळी ठेवा. बॅनरचा नियम आधी लेखी काढा: प्रत्येक गटाला एकच, माप ठरलेलं, त्यावर संस्थेचं नाव आणि चिन्ह, घोषणा नाहीत. तो नियम राजकीय पक्षांना आणि धार्मिक संघटनांनाही तसाच लावा. ‘राजकारण नको’ म्हणायचं आणि पहिल्या रांगेत निवडणुकीचे उमेदवार चालवायचे, इथेच विश्वास जातो. नकार दिलात तर कारण लेखी द्या, दाद मागायला मुदत ठेवा. आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नको असलेला गट शेवटी ढकलला की तो येईपर्यंत गर्दी पांगलेली असते, कॅमेरे गेलेले असतात.

२०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, न्यूयॉर्कच्या याच परेडमध्ये आपल्या जोडीदारासोबत चालले. पण पंतप्रधानांना कोण अडवणार? नियम कसा आहे ते कळतं पंचवीस माणसांच्या, ओळखपाळख नसलेल्या गटाचा अर्ज समितीपुढे येतो तेव्हा.