संदर्भ : इंटरनेट

दुपारी एम.ए.च्या एका पोरीचा लघुप्रबंध तपासत होतो. विषय जात्यावरच्या ओव्या. ओव्या अशा, की चहावर साय धरली. खाली संदर्भ काय? ‘इंटरनेट’. बोलावून विचारलं, कुठल्या साइटवर सापडल्या गं? पोरगी घाबरली. म्हणे, “सर, आजीनं सांगितल्यात. गेवराईकडं असते. पण तिचं नाव कसं टाकायचं? ती शिकलेली नाही.”

डोकंच फिरलं. पोरीवर नाही, आपल्या मास्तर जमातीवर. आपण काय शिकवतो? आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग वर्ष. आणि यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम : दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. झालं, पोरं ‘म्हणून’चं ‘त्यामुळे’ करत बसतात, साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात नऊ टक्के आले की पेढे. अरे, त्याच नियमात नीट संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण साम्यात धरतच नाहीत. पण तो भाग वाचतो कोण! आजीच्या ओव्या तर कुठलं सॉफ्टवेअर पकडणार? त्या कुठं छापलेल्याच नाहीत.

खरं तर मला बोलायचं तोंड नाही. माझ्या प्रबंधात आईच्या अकरा ओव्या आहेत. खाली लिहिलंय, ‘पारंपरिक’. बाइंडिंग करून आणला त्या संध्याकाळी बहिणीनं ते पान वाचून दाखवलं. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, “आन् सांगितल्या कुणी, ते नाही का लिहिलं?” मी म्हणालो, तसं लिहीत नसतात.

लिहितात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगावच्या लाखावर ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावागावासकट. मला तेव्हा एवढी अक्कल नव्हती.

बरं, ओवी कुणा एकीची नसते, मान्य. ‘पारंपरिक’ खोटं नाही. पण मला परंपरेनं नाही सांगितल्या, शेंगा फोडणाऱ्या बाईनं सांगितल्या.

पोरीला म्हटलं, लिही : नाव, गाव, वय, प्रत्यक्ष मुलाखत, तारीख. तिनं तिथंच फोन लावला. “आजे, तुझं पूर्ण नाव सांग.” पलीकडून आवाज, “कशाला? पुन्हा आधारला का?” हसू आलं, आणि मग नाही आलं. नाव विचारलं की या बायांना एवढंच आठवतं.

घरची प्रत आत्ता काढली. ‘पारंपरिक’ खोडून पेनानं आईचं नाव लिहिलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली तशीच आहे.