वजनाच्या ऑपरेशननंतर वर्षभरात गोळ्या बंद? चुकीचं आहे हे
आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे, की वजन कमी करायच्या ऑपरेशनला वर्ष झालं की व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतात. नाही हो, बिलकुल नाही! स्लीव्ह नावाच्या वजनाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळपास 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात अन् बी12 शोषायला जो घटक लागतो तो जठरातच तयार होतो, म्हणून गोळ्या नाहीतर इंजेक्शन जन्मभर लागतं, पोटाचं बायपास, म्हणजे अन्नाची वाट वळवायचं ऑपरेशन, झालेल्यांना तर लागतंच लागतं. माझ्या ताईनं बंद केल्या होत्या, मग तळपायाला मुंग्या, कंगवाभर केस, सीताबर्डीत जिना चढताना दम. आयर्न आणि कॅल्शियम मात्र सोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि रक्ततपासणी दरवर्षी करा, वजन उतरलेलं असलं तरी.