चक निघता निघेना

लाकूड कातण्याच्या लेथवर चक, म्हणजे लाकूड जबड्यांत पकडून फिरवणारा भाग, जाम बसतो, तेव्हा यंत्राला दोष देता येत नाही, कारण त्याने आपले काम नको तितक्या निष्ठेने केलेले असते. चक ज्या फिरत्या दांड्यावर बसतो त्या स्पिंडलवरचे आटे उजवे असतात आणि लाकूड वरच्या अंगाने आपल्याकडे येत फिरत असते. पटाशीची धार त्याला भिडली, की होणाऱ्या विरोधाने चक आट्यांवर आणखी आवळला जातो. म्हणजे मी वाडगा कातण्यात रमून गेलो होतो तेवढा सारा वेळ ते यंत्र माझ्याच मेहनतीने माझ्याविरुद्ध तयारी करीत होते. वाडगा झाला, चक उतरवून फेसप्लेट, म्हणजे लाकूड स्क्रूने बसवायची चकती, चढवावी म्हणून हात घातला आणि चकाने मला ओळखच दाखवली नाही.

दिशेचा प्रश्न लगेच उभा राहिला. यंत्रासमोर उभे राहून चकाचा वरचा भाग आपल्याकडे ओढायचा, एवढेच खरे तर लक्षात ठेवायचे असते. परंतु टेलस्टॉकच्या, म्हणजे यंत्राच्या उजव्या टोकाच्या, बाजूने पाहणाऱ्याला हे फिरणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिसते, तर हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल ज्यातून बाहेर येतो त्या डाव्या टोकाच्या, मागे उभ्या असलेल्याला अगदी काट्यांबरहुकूम दिसते. माझा मेहुणा नेमका हेडस्टॉकच्या मागे उभा होता. ‘‘दाजी, तुम्ही आवळताय!’’ असे तो दर हिसक्याला ओरडत होता आणि त्याच्या जागेवरून ते शंभर टक्के बरोबर होते. त्याला हाताला धरून माझ्या बाजूला आणले, तर त्याने तिथून वाकून, मान तिरकी करून, पुन्हा मागूनच पाहिले. चुकीच्या बाजूने पाहण्याची काही माणसांना उपजत देणगी असते.

चकाच्या मानेवर एक लहानसा, डोके नसलेला ग्रब स्क्रू असतो. लेथ उलटा चालवताना चक आपोआप उलगडून येऊ नये, यासाठी तो स्पिंडलवर टेकवलेला असतो. तो मी आधीच सैल केला होता, तरीही त्याची चौकशी घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे केली. नंतर स्पिंडल स्थिर धरण्याचा विषय निघाला. पुलीच्या भोकात बसणारी खीळ त्यासाठी समोरच होती, आणि मेहुण्याच्या मते ‘‘दिलीच आहे तर वापरायची’’. परंतु अशी खीळ सहसा हलक्या कामापुरतीच असते. तिच्यावर सारा भार टाकला तर ती वाकते, नाहीतर भोकाची कड उडते, आणि मग अडकलेल्या एका भागाऐवजी मोडलेले दोन भाग पदरी पडतात. म्हणून मी स्पिंडलच्या चपट्या कडांवर पाना चढवला.

मेहुण्याने डब्ल्यूडी-४० चा डबा पुढे केला. हे द्रव्य १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि त्याचे सूत्र चाळिसाव्या प्रयत्नात जमले, म्हणून नावात ४० आहे, असे त्याची कंपनी सांगते. चाळीस हा आकडा त्या क्षणी मला फारच दिलासा देऊन गेला. तरी मी आट्यांत भिनणारे खास तेल निवडले, ते सांध्यावर सोडले आणि रात्रभर थांबलो. सकाळी चक पूर्वीइतकाच घट्ट होता. फक्त आता तो हातातून निसटतही होता.

यापुढची सूचना आगीची होती. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) प्रसरण पावते. त्या हिशेबाने २५ मिलिमीटर व्यासाचे भोक १०० अंशांनी तापवले, तर ते जेमतेम ०.०३ मिलिमीटरने मोठे होईल, तेही आतला स्पिंडल थंड राहिला तरच. एवढ्या लाभासाठी, लाकडाचा बारीक भुसा आणि ताजे तेल एकत्र असलेल्या खोलीत, बेअरिंगच्या ग्रीसपासून वीतभर अंतरावर ज्योत पेटवण्याचा प्रस्ताव मी नामंजूर केला. मेहुणा दुखावला, कारण टॉर्च त्याने आणलाच होता.

शेवटी मी चकाच्या जबड्यांत जाड, लांब, टणक लाकडाची पट्टी घट्ट धरली. चक सुटला तर लेथच्या लोखंडी बेडवर आदळू नये म्हणून खाली एक फळी ठेवली आणि पट्टीच्या टोकावर मोगरीने एक ठोका हाणला. सावकाश ओढले, की सारी ताकद पट्टा, पुली आणि आपली कंबर ताणण्यात वाटली जाते. अचानक बसलेला धक्का मात्र ती वाटणी होण्याआधीच सांध्यावर पोहोचतो. ‘कट्’ असा क्षुल्लक आवाज झाला आणि इतका अहंकारी चक दोन बोटांनी फिरू लागला.

उतरवून पाहिले, तर आटे तेलाने चकाकत होते आणि गंजाचा मागमूस नव्हता. अडकले होते ते आट्यांच्या मागे, चक स्पिंडलच्या खांद्याला टेकतो तिथे. धातू धातूवर इतका दाबून बसला होता की तेलाचा थेंबही आत शिरला नव्हता. तो खांदा कोरडा ठणठणीत होता. मी आटे पुसून काढले आणि खांद्यापाशी पातळ प्लास्टिकचा वॉशर घातला. त्याने चकाच्या अचूकतेत केसभर फरक पडतो असे काटेकोर लोक म्हणतात. त्यांनी एकदा माझ्या मेहुण्यासोबत चक काढून पाहावा.

आता चक हाताने सहज सुटतो. इतका सहज, की लाकडाला उलट्या दिशेने फिरवून पॉलिश पेपर मारायचा झाला, तर तो उलगडत माझ्या अंगावर येईल या भीतीने मी ग्रब स्क्रू आधी नीट आवळतो, आणि आवळल्यावर तो पुरेसा घट्ट आहे ना, हे पुन्हा एकदा तपासतो.