पदकांच्या डबीत फोटो मिळाला म्हणून माणूस सापडला, असं होत नाही

जुनी पदकं जमवणाऱ्यांमध्ये, आणि हल्ली घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांमध्येही, एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. इंग्रजांच्या काळातल्या पदकांसोबत गणवेशातल्या माणसाचा जुना फोटो मिळाला, तर त्याची ओळख घरबसल्या पटवता येते, असं त्यात सांगितलेलं असतं. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: फोटो पदकांसोबत मिळाला म्हणजे तो पदक मिळवणाऱ्याचाच. खाकी दिसली म्हणजे पोलीस. बिल्ल्यावरच्या मुकुटावरून साल कळतं. फोटो मोबाईलवर रंगीत करून घ्या आणि छातीवरच्या फिती (पदक ज्यांना टांगतात त्या रंगीत पट्ट्या) पदकांशी जुळवा. फोटोत पदक दिसत नसेल तर ते त्याचं नव्हे. आणि पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं नसेल तर ते नकली.

वाचायला हे सोयीचं आहे, पण यातला एकही नियम भरवशाचा नाही. त्यातून होणारं नुकसान छंदापुरतंही राहत नाही. एकाच्या छातीवरचं पदक दुसऱ्याच्या नावावर चढतं, तो फोटो पुढच्या पिढीच्या भिंतीवर लागतो आणि ज्याने ते कमावलं त्याचं नाव कायमचं पुसलं जातं. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा, सोबत मिळाल्याचा. फोटो आणि पदकं एका डबीत कधी आली, हे आधी विचारायला हवं. विकणाऱ्याला ठाऊक असतं की चेहरा जोडला की पदकांची किंमत वाढते. घरातल्या ट्रंकेतही दीर, जावई, मामेभाऊ सगळ्यांचे फोटो एकत्र पडलेले असतात. घरात दोघे-तिघे पोलीस खात्यात असले तर विचारायलाच नको. फोटोच्या पाठीवर नाव लिहिलेलं असेल तर ते कशाने लिहिलंय ते पाहा. बॉलपेन बाजारात आलं १९४०च्या दशकात. १९११ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या फोटोवर बॉलपेनने लिहिलेलं नाव म्हणजे कुणीतरी किमान तीस वर्षांनी, आठवणीवरून किंवा अंदाजाने लिहिलेलं नाव. ते चूकच असेल असं नाही, पण तो पुरावा त्या काळचा नाही. कागदाचंही तसंच. साधारण १९५०च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं वापरली जाऊ लागली, आणि असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. जुन्या वेषातल्या माणसाचा फोटो असा चमकला, तर ती नंतर काढलेली प्रत आहे. मग मूळ फोटो कुणाकडे होता, त्याच्या पाठीवर काय होतं, हे प्रश्न उभे राहतात.

खाकीचं उत्तर छोटं आहे. जंगल खातं, तुरुंग, आबकारी, रेल्वे, दुसऱ्या महायुद्धातले हवाई हल्ल्यापासून बचावाचे वॉर्डन, १९४६ साली मुंबईत उभे राहिलेले होमगार्ड, खाकी सगळीकडे होती. उलट मुंबई शहरातल्या पोलीस शिपायाची ओळख निळा डगला आणि पिवळी टोपी अशी होती. म्हणजे खाकी नाही म्हणून पोलीस नाही, हेही खोटं. शिवाय पोलीस म्हणजे एकच दल नव्हतं. मुंबई शहराला १८६४ पासून वेगळा कमिशनर होता, जिल्ह्यांचं पोलीस वेगळं आणि कोल्हापूर, बडोद्यासारख्या संस्थानांचं आणखी वेगळं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांची नावं ब्रिटिश मुलखाच्या यादीत शोधत बसलं तर हाती काहीच लागणार नाही. कपड्याच्या रंगापेक्षा पट्ट्याचं बक्कल, खांद्यावरची अक्षरं आणि चपरास, म्हणजे पट्ट्यावरचा धातूचा बिल्ला, पाहा.

मुकुटाचा नियम इंग्लंडच्या बिल्ल्यांसाठी सांगतात तो आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांच्या काळचा वेगळा, आणि एलिझाबेथ राणीच्या काळचा पुन्हा वेगळा. हे खरंच आहे. पण आपल्याकडच्या फोटोला लावलं तर १९०१ पासून थेट प्रजासत्ताकापर्यंतचा काळ मोकळा सापडतो, जवळजवळ पन्नास वर्षं. तेवढ्यात आजोबा, मुलगा आणि नातू तिघे भरती होऊ शकतात. आणि मुकुट दिसला म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या आधीचा फोटो, हेही धरून चालू नका. २६ जानेवारी १९५० पर्यंत देश अधिराज्य होता, म्हणजे नावापुरता राजा तोच होता, आणि १५ ऑगस्टला बिल्ले एका रात्रीत बदलले नाहीत.

सर्वात जास्त घोळ होतो तो फितींचा, आणि मोबाईलवर रंग भरण्याच्या सोयीने तो वाढला आहे. फोटो टिपणाऱ्या जुन्या काचा आणि फिल्म आपल्या डोळ्यासारखं पाहत नव्हत्या. निळा प्रकाश त्यांना भरपूर दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. सगळे रंग टिपणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विकायला आल्या, तरी स्टुडिओत जुनंच सामान पुढे बरीच वर्षं वापरात राहिलं. म्हणून त्या फोटोंत लाल आणि केशरी काळपट येतं, पिवळं गडद येतं आणि निळं फिकं पडतं.

एक फीत जवळून पाहू. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलची फीत मध्ये रुंद केशरी, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी आणि काळी बारीक रेघ, आणि कडेला निळी. जुन्या फिल्मवर तीच मध्ये काळसर आणि कडेला फिकी दिसेल. हातात पदक धरून जो माणूस फोटोत 'मध्ये उजळ, कडेला गडद' शोधेल, त्याला ती कधीच सापडणार नाही, आणि भलत्याच फितीशी मात्र ती छान जुळेल. मुंबईच्या शिपायाची पिवळी टोपी अशा फोटोत गडद दिसते, ती याचमुळे.

आता हाच फोटो रंग भरणाऱ्या ॲपमध्ये टाकला की काय होतं? ते त्या करड्या छटांवरून अंदाज बांधतं. फोटोत जो रंग नोंदलाच गेला नाही तो त्याला परत आणता येत नाही. ते नवा रंग बसवतं. 'स्पष्ट' करणारी ॲप्स त्याहून घातक, कारण ती बक्कलवरच्या पुसट ठिपक्यांची अक्षरं बनवून देतात, आणि ती अक्षरं वाचून लोक दल ठरवतात. अशा चित्रावरून ओळख पटवू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन. मूळ फोटो १२०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन करा, काही न बदलता मोठा करून पाहा. जे वाचता येत नाही ते वाचता येत नाही. स्कॅन करताना फोटो आरशासारखा उलटा छापलेला नाही ना, तेही तपासा: पुरुषाच्या कोटाचा डावा पदर वर येतो, पदकं त्याच्या डाव्या छातीवर असतात, आणि अंक-अक्षरं उलटी असली तर लगेच कळतं.

फोटोत पदक नाही म्हणून ते त्याचं नाही, हा तर निव्वळ अविचार आहे. माणूस तिशीत स्टुडिओत गेला आणि पदक पन्नाशीत मिळालं, यात नवल काय? रोजच्या गणवेशावर पदकं लावत नसत, फार तर फितींची पट्टी असे. उलट बाजू मात्र उपयोगी आहे: फोटोत एखादं पदक नक्की ओळखता आलं, तर फोटो त्या पदकाच्या आधीचा असू शकत नाही. किंग्ज पोलीस मेडल सुरू झालं १९०९ मध्ये, इंडियन पोलीस मेडल १९३२ मध्ये. तेवढी खालची सीमा मिळते, वरची नाही.

राहिलं कडेवरचं नाव. १९११ च्या दिल्ली दरबाराचं पदक, १९३५ चं रौप्यमहोत्सवाचं आणि १९३७ चं राज्याभिषेकाचं ही तिन्ही मुळात बिननावाचीच दिली गेली. हिंदुस्थानातल्या पोलीस अधिकाऱ्यांनाही ती मिळाली. ती 'कोरी' आहेत म्हणून नकली ठरवून फेकून देणारे लोक आहेत, आणि हे ऐकून जीव तुटतो. त्याच्या उलट, अशा कोऱ्या पदकावर नाव दिसलं तर ते सरकारने कोरलेलं नाही, घरच्यांनी किंवा विकणाऱ्याने नंतर कोरून घेतलं आहे. किंग्ज पोलीस मेडल आणि इंडियन पोलीस मेडलच्या कडेवर मात्र नाव हवंच.

दुसरी गफलत याहून मोठी. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पोलिसाच्या फोटोसोबत पलटणीचं नाव असलेलं पदक आलं की लोक म्हणतात, जोडी चुकली. पण पलटणीतून सुटून पोलिसात भरती झालेले लोक होते, आणि ते आपली लढाईची पदकं पोलिसी गणवेशावर अभिमानाने लावत. कडेवरचं पलटणीचं नाव पदक कुठे कमावलं ते सांगतं. फोटो काढला तेव्हा माणूस कुठे नोकरीला होता, ते त्यातून कळत नाही.

मग जोडायचं कशाने? दोन्हीकडे सापडेल अशा एखाद्या खुणेने. फोटोत बक्कल नंबर वाचता आला, दल कळलं आणि पदकावरच्या नावाच्या माणसाच्या सेवापुस्तकात किंवा पेन्शनच्या कागदात तोच नंबर सापडला, तर जोड पक्की. नुसता नंबर पुरत नाही. तोच नंबर दर जिल्ह्यात असतो, माणसाची बदली झाली की बदलतो आणि तो गेला की दुसऱ्याला मिळतो. शौर्याचं किंवा सेवेचं पोलीस पदक असेल तर सरकारी गॅझेटात नाव असतं. नववर्षाच्या आणि राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानांच्या याद्या आधी पाहा. मुंबई इलाख्याचे जुने कागद मुंबईच्या अभिलेखागारात आहेत, कोल्हापूरचे कोल्हापूरच्या पुरालेखागारात. स्टुडिओचं नाव-पत्ता छापलेला पुठ्ठा फोटोमागे असेल तर तो कापू नका. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होता हे कळलं, की साल बरंच आवळता येतं.

आणि तोवर डबीवर चिठ्ठी लावायची ती अशी: पदकं अमुक अमुक, कडेवर नाव अमुक, फोटो पोलिसाचा असावा, अमुक साली अमुककडून पदकांसोबत आला, दोघांचा संबंध सिद्ध नाही. पेन्सिलने, तारखेसह.