शिकागोची ती भिंत चित्रावरून उतरलेली नाही

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक जोडफोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. एका बाजूला शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या खनिज आणि धातू संशोधन इमारतीची भिंत: पिवळसर विटा आणि त्यांना कापत जाणाऱ्या पोलादाच्या काळ्या पट्ट्या. शेजारी डच चित्रकार पीट मॉन्ड्रियानचं काळ्या रेघांचं चित्र. खालच्या मजकुराचा आशय असा, की वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोहनं मॉन्ड्रियानचं चित्र भिंतीवर उतरवलं, या कँपसवरच्या त्याच्या कामाची सुरुवात क्राउन हॉल या त्याच्या गाजलेल्या इमारतीपासून झाली, आणि तिथलं जे पोलाद दिसतं ते सगळं भार पेलतं. या तिन्ही गोष्टी चूक आहेत.

क्राउन हॉलचा मुद्दा लगेच मिटतो. क्राउन हॉल 1956 चा. धातूंची ही इमारत 1943 मध्ये उभी राहिली होती आणि मीसनं अमेरिकेत प्रत्यक्ष बांधलेली ती पहिली इमारत. तो 1938 मध्ये शिकागोला आला तो आर्मर इन्स्टिट्यूटच्या वास्तुकला विभागाचा प्रमुख म्हणून. 1940 मध्ये आर्मर आणि लुईस या दोन संस्था एकत्र होऊन आजची संस्था झाली. म्हणजे जर्मनी सोडून आलेल्या या माणसाचं नव्या देशात उभं राहिलेलं पहिलं काम होतं ते क्रेन चालणाऱ्या शेडचं आणि त्याला लागून असलेल्या प्रयोगशाळांचं. ते दिवस युद्धाचे होते. 'पहिली इमारत क्राउन हॉल' असं म्हटलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

आता मॉन्ड्रियान. ही भिंत कशी झाली ते खुद्द मीसनं पुढे एका जाहीर संवादात सांगून ठेवलं आहे. जागा ठरलेली होती: रेल्वेच्या हद्दीपासून पदपथापर्यंत 64 फूट. कुणीतरी संस्थेला एक सरकती क्रेन दिली होती, ती 40 फूट रुंद. तिच्यासाठी खांबाच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत 42 फूट अंतर लागणार होतं. उरलेल्या पट्ट्यात प्रयोगशाळा बसवायच्या होत्या. भिंत 8 इंचांची, आणि बांधकाम नियमांप्रमाणे एवढ्या जाडीची भिंत ठरावीक आकारापलीकडे नेता येत नाही, तिला आधार द्यावा लागतो. म्हणून पोलादाच्या पट्ट्या आल्या. सगळं झाल्यावर धातू विभागाचे इंजिनीयर आले आणि म्हणाले, इथे एक दार हवं. त्यानं दार दिलं. मग लोकांना तिथे मॉन्ड्रियान दिसला.

आपल्याकडे साइटवर वावरलेल्या कुणालाही यातला आधाराचा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. अर्ध्या विटेची लांब भिंत चढवताना गवंडी मध्ये आरसीसीचा पट्टा टाकतो, तो काही नक्षी म्हणून नाही. शिकागोत त्या पट्ट्यांचं काम पोलादानं केलं आणि वर गिलावा केला नाही, म्हणून ते दिसतात.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: वास्तुरचनाकार काम झाल्यावर हवी ती गोष्ट सांगतात, मीसवर विश्वास का ठेवायचा? म्हणून त्याच्या शब्दांपेक्षा आकडे पाहावेत. या कँपसची आखणी 24 फुटांच्या चौकटीवर आहे. वर्ग, ड्रॉइंग हॉल आणि प्रयोगशाळा या तिन्हींना चालेल असं ते माप होतं. पण 42 ला 24 ने भाग जात नाही. इमारतीच्या रुंदीत मीसनं स्वतःचं लाडकं माप सोडलं, ते क्रेनसाठी. उंच मोकळा क्रेन हॉल एका बाजूला आणि मजल्यांवर रचलेल्या प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला असल्यावर टोकाची भिंत समसमान होईलच कशी? तिचा तिरपागडा तोल आतल्या कामातून आला आहे.

मात्र मीसचा आणि डच चित्रकलेचा काही संबंधच नव्हता, असं मी म्हणणार नाही. 1924 च्या सुमाराच्या त्याच्या विटांच्या घराचा नकाशा आणि डच चित्रकार थिओ व्हॅन डूसबर्गचं एक चित्र यांचं साम्य न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा तेव्हाचा संचालक आल्फ्रेड बार यानं 1936 मध्ये तिथल्या प्रदर्शनाच्या निमित्तानं दाखवलं होतं. त्या साम्यावर चर्चा जरूर व्हावी. पण ते घर कागदावरच राहिलं. तिथे ना क्रेन होती, ना रेल्वेची हद्द, ना दार मागायला आलेले इंजिनीयर. धातूंच्या इमारतीत हे सगळं होतं. पट्टी किती जाड दिसावी, वीट आणि पोलाद एका पातळीत कसे यावेत, ही नजर मीसचीच. जर्मनीतल्या आखेनच्या पाथरवटाच्या घरात वाढलेल्या माणसाला वीट कशी बसते हे शिकायला चित्राकडे जावं लागलं नाही.

तिसरा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण विद्यार्थी तो परीक्षेत लिहितात. धातूंच्या इमारतीच्या त्या भिंतीतलं पोलाद खरोखर भिंतीला धरून ठेवतं. पण त्याच कँपसवरच्या 1946 च्या अ‍ॅल्युम्नाय मेमोरियल हॉलमध्ये तसं नाही. तिथे आगीच्या नियमांमुळे भार घेणारा खांब काँक्रीटमध्ये झाकावा लागला. बाहेर दिसतात ते प्लेट, अँगल (काटकोनी पट्ट्या) आणि आय सेक्शन (इंग्रजी I च्या आकाराचे पोलादी तुकडे) नंतर वेल्डिंग करून जोडलेले आहेत, आतल्या सांगाड्याची खूण म्हणून. मीसनं हे लपवलेलंही नाही: कोपऱ्यातलं पोलाद जमिनीपर्यंत नेलंच नाही, थोडं वर विटांवर थांबवलं. इमारतीचा भार घेणारा खांब असा थांबू शकत नाही. शिकागोतल्याच लेक शोअर ड्राइव्हवरच्या, मीसच्याच 1951 च्या जोड मनोऱ्यांवरचे उभे आय बीमही असेच बाहेरून जोडलेले आहेत. एकाच माणसाच्या दोन इमारतींतलं पोलाद दोन वेगळी कामं करतं, आणि कुठे कोणतं करतं हे जोड पाहिल्याशिवाय कळत नाही. जोडफोटोत ते जोड दिसतच नाहीत.