सर, तुमचा अल्वारेझ मान्य, पण पॉलिंगचं काय?

सर नमस्कार, तुमची कॉमेंट काल रात्री दोनदा वाचली. राग नाही आला, थोडी लाजच वाटली, कारण मोठ्या माणसांनी दुसऱ्याच्या विषयात बोलू नये अशा अर्थाच्या माझ्या मागच्या पोस्टला "ज्याने त्याने आपल्याच वाफ्यात पाणी सोडावं" हे हेडिंग मी जरा तोऱ्यातच दिलं होतं. तुमचं म्हणणं असं की डायनासोर उल्केने मेले हे सांगणारा लुई अल्वारेझ फिजिक्सवाला, खंड सरकतात म्हणणारा वेगनर हवामानवाला, हे लोक आपल्याच वाफ्यात बसले असते तर? आणि वरून, रावेरला खत-औषधाचं दुकान चालवणारा बीकॉम माणूस दोन नोबेलवाल्या पॉलिंगला चूक ठरवणारा कोण?

पहिलं मान्य. हेडिंग चुकलं.

पण अल्वारेझने केलं काय ते बघा ना. पोरगा वॉल्टर भूशास्त्रवाला, त्याला सोबत घेतलं, दोन केमिस्ट घेतले, इटलीतल्या गुब्बिओच्या मातीच्या थरात इरिडियम मोजलं (हा धातू जमिनीत फार कमी, उल्केत जास्त), ते नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं, आणि 1980 साली सगळे आकडे लोकांसमोर टाकले की घ्या, तपासा. 1991 मध्ये मेक्सिकोचा चिक्शुलुबचा खड्डा हाच त्या उल्केचा म्हणून पेपर आला. वेगनरचंही तसंच, 1912 ला बोलला ते खरं निघालं, पण खंड कशाच्या जोरावर सरकतात ते त्याला नीट सांगता आलं नाही, त्यामुळे भूशास्त्रवाले अडून बसले ते काही निव्वळ हट्टापायी नाही.

आता पॉलिंग. 1954 चं केमिस्ट्रीचं नोबेल, 1962 चं शांततेचं. माणूस थोरच, वाद नाही. पण 1970 पासून व्हिटॅमिन सी धरून बसला, आधी सर्दी, मग कॅन्सर. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलने कॅन्सरच्या पेशंटना रोज 10 ग्रॅम देऊन बघितलं, फायदा दिसला नाही. तो म्हणाला तुमच्या पेशंटनी आधी केमो घेतलेली, म्हणून गुण आला नाही. बरं, त्यांनी केमो न घेतलेल्यांवर पुन्हा केलं, 1985 ला निकाल आला, तोच. तरी हा ऐकेना! मला चीड येते ती इथे. बाहेरच्या विषयात शिरला म्हणून नाही, तिथल्या लोकांनी त्याच्याच अटीवर मोजून दाखवलं तरी मानलं नाही म्हणून. आणि त्याला चूक मी ठरवत नाही सर, मी फक्त निरोप्या.

कॅरी म्युलिस तर अजून अवघड केस. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य कॉपी काढायची पद्धत, त्याने काढली, 1993 चं नोबेल मिळालं, आणि एचआयव्हीने एड्स होतो हेच त्याला मान्य नव्हतं, आता अंगात एचआयव्ही किती आहे ते मोजायला पीसीआरच लागते, काय बोलावं. असंच म्हणणाऱ्यांचं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने मनावर घेतलं, औषधं द्यायला उशीर केला, हार्वर्डच्या लोकांनी नंतर हिशोब मांडला तर 2000 ते 2005 मध्ये 3 लाखांवर जीव त्यापायी गेले.

हे सगळं मला एवढं का लागतं ते पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, आता लिहितो. आमच्या पट्ट्यात एका वर्षी केळीवर हरण्या आला, म्हणजे सीएमव्ही नावाच्या व्हायरसचा रोग, पानावर पिवळे पट्टे. एक नावाजलेले डॉक्टर आहेत, नाव नाही घेत, अर्ध्या गावाचे जीव वाचवलेत त्यांनी. कोणीतरी त्यांना मोबाईलवर पानाचा फोटो दाखवला, ते सहज बोलून गेले की इन्फेक्शन दिसतंय, अँटिबायोटिक मारून बघा. झालं, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं म्हटल्यावर लाईन लागली. व्हायरसला अँटिबायोटिक चालत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक, पण झाडाचा हा रोग व्हायरसचा आहे हेच माहीत नव्हतं आणि विचारलंही नाही कोणाला. रोगट झाड मुळासकट उपटून पुरायचं नाहीतर जाळायचं आणि हा रोग पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायची, दुसरा इलाज नाही. फवारण्यात पंधरा-वीस दिवस गेले, तोवर माव्याने रोग शेजारच्या बागांत पोचवला.

आणि त्या अँटिबायोटिकच्या पुड्या विकल्या कोणी? मीच. मला माहीत होतं, पण एवढ्या मोठ्या माणसासमोर बीकॉमवाला काय बोलणार, असं स्वतःला सांगून गल्ला भरला. तुमच्या कॉमेंटमधलं "तुम्ही कोण" वाचून तेच आठवलं एकदम.

असो. हेडिंग आज काढतो. नवीन सुचत नाहीये, तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंय, तुम्हीच सुचवा.