तांदळात पुरलेला मोबाईल आणि दर पावसाळ्यातलं ते फॉरवर्ड

पाऊस लागला की हा मेसेज फिरायला लागतो, अगदी कॅलेंडर बघून सोडल्यासारखा. यंदा तो काकूपर्यंत पोचला. तिने आधी फोन तांदळाच्या डब्यात पुरला आणि मग विचारलं, "किती दिवस ठेवायचा असतो?" म्हणून हा उतारा, मेसेजमधल्या एकेका मुद्द्यावर.

मेसेज थोडक्यात असा: मोबाईल भिजला तर घाबरू नका. १) लगेच बंद करा आणि सिम काढा. २) जोरजोरात झटका. ३) हेअर ड्रायरने गरम हवा मारा किंवा कडक उन्हात ठेवा. ४) तांदळात २ दिवस पुरून ठेवा, तांदूळ सगळं पाणी ओढून घेतो. ५) मग चार्जिंगला लावा, चार्जिंगच्या उष्णतेने उरलंसुरलं पाणी उडतं. ६) घाई असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा. ७) फोन वॉटरप्रूफ असेल तर काहीच करू नका. खाली नेहमीचं 'जास्तीत जास्त शेअर करा'.

सुरुवात पाचव्यापासून करतो, कारण बाकीचे मुद्दे फोनला आजारी पाडतात आणि हा त्याला मारतो.

नुसत्या पाण्याने बोर्ड, म्हणजे सगळ्या चिपा जिच्यावर बसवलेल्या असतात ती पाटी, जळत नाही. नळाच्या, पावसाच्या, गटाराच्या पाण्यात क्षार असतात आणि त्यातून वीज वाहते. बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची. बोर्डावर पाण्याचा थेंब दोन टोकांवर पसरला आणि त्या टोकांमध्ये एवढा विजेचा दाब (व्होल्टेज) असला की धन बाजूचं तांबं विरघळून ऋण बाजूकडे सरकायला लागतं. तिथे त्याचे केसासारखे तंतू वाढतात, दोन रेषा जोडल्या जातात आणि बोर्ड शॉर्ट होतो. उघडलेल्या फोनमध्ये कनेक्टरभोवती हिरवट-पांढरा थर दिसतो, तो हाच प्रकार. दाब जितका जास्त, तितका हा उद्योग जोरात. आणि मेसेज सांगतो की चार्जर लावून दाब वाढवा!

टाइप-सीच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. मधल्या पातळ जिभेवर वर १२ आणि खाली १२ पिना असतात, एकीपासून दुसरी अर्धा मिलिमीटरवर. चार्जरचे ५ व्होल्ट आणणाऱ्या पिनेला लागूनच, कोणती केबल लागली हे ओळखणारी पिन असते. एवढ्याशा फटीत ओल असताना केबल घातली की ती पिन काळी पडते आणि हळूहळू खाल्ली जाते. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलमध्ये तर चार्जर चालू असेपर्यंत ५ व्होल्ट कायम हजर असतात, फोनने मागितलेले असोत वा नसोत. फास्ट चार्जिंग सुरू झालं की बऱ्याचदा तेच ९ किंवा त्याहून वर जातात. 'केबल एका बाजूने लावली तरच चार्ज होतो' अशी तक्रार पुष्कळदा इथूनच येते. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाची खूण आली की केबल काढायची. पुन्हा घालून, उलटी करून 'आता बघू' हा खेळ नको. वायरलेस चार्जिंग चालतं असं काही जण म्हणतात. चालतं, पण फोन सीलबंद (पाणी आत न येऊ देणारा) असेल, फक्त पोर्ट ओला असेल आणि पाठ कोरडी पुसलेली असेल तरच. अख्खा बुडालेल्या फोनला ते लागू नाही.

आणि ती 'चार्जिंगची उष्णता'? फोन कोमट होतो एवढंच. चिपांच्या खाली आणि पत्र्याच्या टोपणांखाली अडकलेलं पाणी त्याने उडत नाही, उलट कोमट ओलीत गंज लवकर चढतो.

यात आणखी एक गोष्ट अडकलेली असते, ती म्हणजे फोटो. हल्लीच्या फोनमध्ये साठवणीची चिप बोर्डावर पक्की जोडलेली असते आणि तिच्यातला डेटा त्याच बोर्डाच्या प्रोसेसरशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतो. चिप उपटून दुसरीकडे वाचता येत नाही. बोर्ड गेला की बॅकअप न घेतलेले फोटोही गेले.

आता तांदूळ. हा मुद्दा इतका लाडका आहे की त्यावर शंका घेतली तरी लोकांना राग येतो. तेव्हा माझं राहू द्या, अॅपलचं घ्या. आयफोनच्या पोर्टमध्ये ओल आढळल्याची सूचना आली तर काय करायचं, याबद्दलच्या त्यांच्या अधिकृत मदतपानावर स्वच्छ लिहिलंय: फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. बाहेरून उष्णता देऊ नका, दाबाची हवा मारू नका, पोर्टमध्ये कापूस किंवा टिश्यू घालू नका, हेही तिथेच आहे. त्यांची पद्धत अगदी साधी: पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलके आपटा, हवा खेळती असलेल्या कोरड्या जागी ठेवा, किमान ३० मिनिटांनी चार्ज करून बघा. पुन्हा सूचना आली तर आणखी थांबा, पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. हे सीलबंद फोनच्या ओल्या पोर्टपुरतं आहे हे ध्यानात ठेवा. बुडालेल्या साध्या, म्हणजे सीलबंद नसलेल्या फोनला ३० मिनिटांनी केबल लावू नका.

तांदूळ का नाही, हे आपल्या स्वयंपाकघरातच कळेल. साठवणीच्या तांदळात मुळातच वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी असतं. जुलैत कोकणात डब्याचं झाकण उघडं राहिलं की तांदूळ स्वतःच सर्द होतो, तो दुसऱ्याचं पाणी काय ओढणार? समजा ओढलं, तरी ते शेजारच्या हवेतली वाफ. पत्र्याच्या टोपणाखालच्या थेंबाला तांदळाचा पत्ताही नसतो. उलट तांदळाचं पीठ ओल्या पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीत गेलं की त्याची खळ होते. कणी पोर्टमध्ये अडकली की ती काढायला सुई घालणारे शूरवीर निघतात. त्यात बऱ्याच घरी वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलेलं असतं, तेही आत जातं.

"पण आमचा फोन तांदळातून काढल्यावर चालू झाला!" झाला असेल, नाही म्हणत नाही. २ दिवस त्याला कोणी चार्ज केलं नाही, बटणं दाबली नाहीत, म्हणून झाला. पंख्याखाली टेबलावर ठेवला असता तरी झाला असता. तांदळाचं श्रेय असलंच तर ते फोन तुमच्या हातातून काढून घेण्याचं.

खरा तोटा आहे तो त्या २ दिवसांचा. फोन बंद केला म्हणजे आतली वीज बंद झाली असं होत नाही. बॅटरी जोडलेलीच असते आणि बोर्डाच्या मुख्य लाइनवर दाब राहतो. नाहीतर पॉवरचं बटण दाबलेलं फोनला कळलं असतं कसं? म्हणजे तुम्ही डब्याचं झाकण लावून निर्धास्त असता तेव्हा आत गंजाचं काम चालूच असतं. असे फोन नीट चालू होतात आणि काही आठवड्यांनी आधी माइक, मग चार्जिंग, मग डिस्प्ले असे एकेक भाग सोडत जातात.

हेअर ड्रायरची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि स्क्रीनखालचा गोंद मऊ करते. लिथियमची बॅटरी तापवणं तर निव्वळ आगाऊपणा. ऊन हा त्याचाच फुकटातला भाऊ. फ्रीजरबद्दल काय बोलावं? गोठलेलं पाणी कुठे जात नाही, बाहेर काढलं की वितळतं, वर गार फोनवर हवेतली ओल जमते ती वेगळीच. झटकल्याने कोपऱ्यातला थेंब बोर्डभर पसरतो.

पहिला मुद्दा मात्र बरोबर आहे, मान्य. फोन लगेच बंद करायचा, 'चालू आहे तर आधी बॅकअप घेतो' असं म्हणत बसायचं नाही. नव्या फोनमध्ये पॉवरचं बटण दाबून धरलं की असिस्टंट बोलायला लागतो, म्हणून पॉवर आणि व्हॉल्यूमचं एक बटण एकत्र दाबून धरा. कव्हर काढा, सुती कापडाने बाहेरून पुसा, मग सिमचा ट्रे काढा. ट्रे आधी काढला तर कडेचं पाणी आत जातं.

सातवा मुद्दा अर्धवट आणि म्हणून धोकादायक. फोन धूळ-पाण्याला किती दाद देत नाही हे आयपी६७, आयपी६८ अशा खुणेने सांगतात, त्यातला शेवटचा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोलीत ३० मिनिटं, ८ म्हणजे त्याहून कठीण, किती ते कंपनी सांगते. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यात होते. समुद्र, साबण, चहा, रंगपंचमीचं पाणी त्यात नाही. सील जुनं होतं, फोन पडला की हलतं, बाहेर डिस्प्ले बदलून घेतला तर बहुतेकदा उरतच नाही. आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत पांढरी खूण असते, ती ओली झाली की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

खारं पाणी किंवा चहा सांडला असेल आणि फोन आयपी६७-६८ चा, न फुटलेला, न उघडलेला असेल, तर तो बंद करून नळाच्या हलक्या धारेखाली तेवढा भाग धुवा. विचित्र वाटेल, पण क्षार आणि साखर वाळून आत बसण्यापेक्षा हे बरं. साध्या फोनवर हा प्रयोग नको.

साधा फोन अख्खा बुडाला, किंवा कोणताही फोन समुद्रात पडला, तर त्याच दिवशी दुकान गाठा, वाटेत चालू करून बघू नका. तिथे मागचं झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटला पाहिजे. मग बोर्ड बाहेर काढून, गरज असेल तिथे टोपणं उचलून, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश मारून धुणं, लागलं तर अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) काही मिनिटं, मग वाळवून मल्टिमीटरने शॉर्टिंग तपासणं. त्यानंतरच वीज. नुसतं वरून ब्लोअर मारून 'झाला' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तीही बदला. झाकण परत बसवताना नवं सील लावायला सांगा, आणि लावलं तरी तो फोन यापुढे वॉटरप्रूफ समजू नका.